पंतांचं मानपत्र

अंबरनाथ,
ता. ३ जानेवारी १९५७

तीर्थरूप दादा,

हरिचंद्राचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत. तुझी खुशाली कळव, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या वतीने तिथे येरवड्याला जो कुणी लिहून देतो तो ‘प्रकृती ठीक, काळजी नसावी’ याच्या पुढे कधी गेला नाही, आणि पुढचं मीही कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर पत्र धाडलं नाही याचा राग धरू नकोस. निवडणूक आलीय. मतदारांच्या याद्या करायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. महिनाभर दारोदार फिरून बायांना वय विचारत होतो. आपल्या गावात एकही बाई चाळिशीच्या पुढची नाही, आणि म्हातारे सगळे साठ वर्षांचे, त्यात बापही साठ आणि मुलगाही साठ. मी आपलं निमूट लिहून घेतलं.

गोदू वहिनी बरी आहे. गुडघा दुखतो, पण शेतावर जायची थांबत नाही. भातानंतर तिने वाल टाकलाय, तो चांगला धरलाय. आपल्या दोघांच्या घरांमध्ये भिंत एकच आहे म्हणून तिचा खोकला मला ऐकू येतो. बोलणं मात्र सखूमार्फतच होतं. ‘तुजे घरवाल्याला सांग’ असं ती सखूला म्हणते आणि मी तिथेच बसलेला असतो.

कॅम्प आता ओळखू येणार नाही तुला. उल्हासनगर म्हणायचं त्याला, कॅम्प म्हटलेलं तिथल्या लोकांना आवडत नाही. बराकींतून बटणं, कंगवे, बिस्किटं, काय वाटेल ते तयार होतं. आपली दोन खाचरं लढाईच्या वेळी लष्कराने घेतली होती, त्यांच्यावर आता बिस्किटांची भट्टी आहे. वारा इकडचा असला की शाळेत गोड वास येतो आणि पोरांचं पाढ्यांवरून लक्ष उडतं. अंबरनाथला सरकारी कारखाना निघालाय, त्यात आपल्या गावचे दोघे लागले.

आता मुद्द्याचं. मुद्द्यावर यायला इतका वेळ लागला हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

विष्णुपंत वकिलांना शांतता पदक मिळतंय. गाव आणि कॅम्प यांची मिळून एक सलोखा समिती आहे, ती देणार. २६ जानेवारीला, शाळेच्या मैदानात, मुंबईहून बडे पाहुणे येणार आहेत. पंत या निवडणुकीला उभे आहेत हे सांगायला नको. मानपत्र मी लिहायचं आणि मीच वाचायचं. गेल्या दहा वर्षांत इथे जो कुणी निवृत्त झाला, निवडून आला किंवा बदलून गेला, त्याचं मानपत्र माझ्या बोरूने लिहिलंय. काही जण तर दोनदा थोर झाले. त्यामुळे नाही म्हणायला मला तोंड नाही.

मसुदा झालाय. त्यातला एकच परिच्छेद तुझ्यासाठी उतरवतो:

‘सन १९४९ च्या वैशाखात, निर्वासित बांधवांची छावणी व ग्रामस्थ यांत पाण्यावरून वितुष्ट आले असता, गावच्या विहिरीवर श्री. टेकचंद या निर्वासित बांधवाचा मारहाणीत दुर्दैवी अंत झाला. दुसऱ्या दिवशी उभय बाजूंचे शेकडो लोक शस्त्रे घेऊन नाल्याच्या दोन काठांवर उभे ठाकले असता आपण एकटे, निःशस्त्र, मध्ये उभे राहिलात, आणि सूर्यास्तापूर्वी अपराध्यास कायद्याच्या स्वाधीन करून हा भयंकर वणवा विझवलात.’

‘अपराध्यास’ या शब्दापाशी बोरू अडला तो अडलाच. दोन दिवस कागद तसाच आहे. तिथे ‘संबंधित इसमास’ घातलं तर चालेल का? की ते वाक्यच काढू? पण ते काढलं तर पंतांनी केलं काय हेच उरत नाही. तू सांगशील तो शब्द घालतो. तुझं नाव कुठेही येणार नाही.

हे पत्र आधी तिथले साहेब वाचतील, मग कुणीतरी तुला वाचून दाखवील, म्हणून जास्त लिहीत नाही. तू समजून घेशील. लहानपणापासून समजून घ्यायचं काम तुझ्याकडेच आहे.

तुझा धाकटा भाऊ,
हरिचंद्र

ता. क. टेकचंदची बायको जेठीबाई आणि आपली वहिनी, दोघींना व्यासपीठावर शेजारी बसवायचं समितीच्या मनात आहे. वहिनीला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारायचं काम माझ्याकडे दिलंय.

*

अंबरनाथ,
ता. १४ जानेवारी १९५७, मकरसंक्रांत

तीर्थरूप दादा,

नमस्कार. पाकिटात तिळगूळ घालता येत नाही, तो इथूनच दिला असं समज.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून मला वाटलं शाळेतल्या एखाद्या पोराचा रजेचा अर्ज आहे. आत चार ओळी. त्या मला पाठ झाल्या आहेत, तरी लिहितो, कारण तुझे शब्द माझ्या हाताने एकदा लिहून बघावेत असं वाटतं:

‘हरी, तुजा कागद मीच वाचला. इथं शाला हाय तिथं शिकलो. मानपत्र लिव. शब्द कुटला बी घाल. विहिरीवर पानी सगली भरतान ना, मंग झाला. पन त्या दिशी मी कुटं व्हतो ता तुना ठावा हाय. ता एकदा मना लिवून धाड. मना आता वाचता येतं. बुधाजी.’

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचताना मी चुका मोजल्या. वीस वर्षांची खोड. लाल शाईची दौत पुढ्यात होती, हात तिच्याकडे गेलासुद्धा. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. सखूने विचारलं काय झालं. म्हटलं, दादा लिहायला शिकला. ती रडायला लागली. मला रडू आलं नाही, मला भीती वाटली. आजवर आपल्या दोघांच्या मध्ये वाचून दाखवणारा कुणीतरी होता, आणि त्याच्या आड मला बरं पडत होतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. आधी बाकीचं सांगू दे.

मी पंतांकडे कल्याणला गेलो होतो. म्हटलं, मानपत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. ते झोपाळ्यावर बसले होते. त्यांचा पुतण्या कमळाकर पाहुण्यांच्या यादीवर खुणा करत होता. पंतांनी त्याला आत जायला सांगितलं आणि मला शेजारी बसवून घेतलं.

“मास्तर, मला सांगा, त्या दिवशी नाल्यावर तुम्ही होतात ना?”

“होतो.”

“मी मध्ये उभा राहिलो नसतो तर किती मेले असते?”

“पन्नास. शंभरसुद्धा.”

“मग तेवढंच लिहा. आधीचं आणि नंतरचं मानपत्रात येत नसतं.”

मी म्हटलं, आधी तुम्हीच बदलापूरच्या सभेत सांगितलंत की कॅम्पाला पाणी देऊ नका, दूध देऊ नका, म्हणजे जमिनी सुटतील. ते म्हणाले, “सांगितलं. तुमच्या जमिनी गेल्या होत्या, माझी नव्हती गेली. लोकांचं दुःख बोललो, भाषा जरा कडक झाली. आणि जाळ पेटलेला पाहिल्यावर त्यात हात घालणाराही मीच होतो. लोकांना पदक कशासाठी द्यायचं असतं? ज्याने कधी काही केलंच नाही त्याला?”

त्या माणसाचा मला संताप येतो, पण त्या दुपारी तो नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि पायात वहाण नव्हती. दोन्हीकडून दगड येत होते. एक त्याच्या कानाला लागला आणि सदऱ्यावर रक्त उतरलं, तरी तो हलला नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं कसं म्हणू?

आणि पाटीचं तर तुला ठाऊक आहे. ‘कॅम्पवाल्यांस या विहिरीवर पाणी भरण्यास सक्त मनाई आहे’ ही विहिरीवरची पाटी माझ्या अक्षरात होती. पंतांनी मजकूर सांगितला, मी तीन तास बसून वळणदार काढली. टेकचंदला ती वाचता आली नाही. त्यांची लिपी वेगळी, उजवीकडून डावीकडे लिहितात. तो कावडीला दोन डबे लावून आला, पाटीकडे बघून त्याने हात जोडले म्हणतात. देवाचं काहीतरी लिहिलंय असं त्याला वाटलं असेल.

जेठीबाईकडे जाऊन आलो. बराकीच्या पडवीत ती पापड लाटते, चार बाया हाताखाली आहेत. मला तिने पाणी दिलं, पापड भाजून दिला. समितीचा निरोप सांगितला, की कॅम्पाच्या वतीने पंतांच्या हातात नारळ तुम्ही द्यायचा. ती म्हणाली, “मास्तरजी, नारळच का? आमच्यात असं काही नाही.” मग मी तिला आपल्या गावकीची रीत सांगत बसलो. दोन गावांत किंवा दोन घरांत खून-मारामारी होते आणि नेमकं कुणी केलं ते उलगडत नाही, तेव्हा एक माणूस गावदेवीपुढचा नारळ उचलतो आणि म्हणतो, माझ्याकडून झालं. मग समोरचा हात उगारत नाही. दंड गाव भरतो, नारळ उचलणाऱ्याचं शेत गाव नांगरतो. पुढे समोरच्या घरातली बाई एक नारळ आणून त्याच्या बायकोच्या पदरात टाकते, नारळ उचलणाऱ्याच्या घरचा पुरुष सगळ्यांदेखत ‘फिटलं’ म्हणतो, आणि त्या दिवसापासून तो बोल त्या माणसावर राहत नाही. आपल्या बाबाने तळ्याच्या भांडणात उचलला होता आणि तीन महिन्यांत फिटलं होतं, तेही सांगितलं.

तिने लाटणं ठेवलं. म्हणाली, “म्हणजे तुमच्या भावाने नारळ उचलला होता.”

मी हो म्हटलं. मग तिने मला एक गोष्ट सांगितली. ती या पत्रात लिहीत नाही.

वहिनीला मी स्वतः विचारलं. आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या उंबऱ्याच्या आत गेलो. ती वाल सोलत होती, मान वर केली नाही. “बसायचा हाय ना नुसता? बसन,” म्हणाली. “भावजी, तुमी चांगला लिवा. तुमचा आक्षर चांगला हाय.” शेजारच्या सगुणाबाई तिथे बसल्या होत्या, त्या उठून बाहेर गेल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच बघ. पण शाळेची घंटा होतेय, आता उठायला हवं.

तुझा,
हरिचंद्र

*

अंबरनाथ,
ता. २८ जानेवारी १९५७

दादा,

मागच्या पत्रात घंटा झाली असं लिहिलं. संक्रांतीला शाळा बंद असते. तुला ते कळलंच असेल.

समारंभ झाला. कसा झाला ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्याकडून काही सुटणार नाही.

मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. डावीकडे गाव, उजवीकडे कॅम्प असं बसायचं ठरलं होतं, पण ऊन उजवीकडे होतं म्हणून सगळे डावीकडे सरकले आणि एकमेकांत मिसळून गेले. आपला कोंडाजी पाटील आणि एक सिंधी कापडवाला एका सतरंजीवर बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. नाल्यावर हेच दोघे काठ्या घेऊन समोरासमोर होते. ते पाहून मला वाटलं, पदक कुणाला मिळतंय यात काय आहे, हे घडलं ना. तुझंही म्हणणं हेच होतं. माझ्या खिशात दोन कागद होते. एक मानपत्र. दुसऱ्यावर तू त्या दिवशी कुठे होतास ते. मी ठरवून गेलो होतो की ‘अपराध्यास’ शब्द आला की मानपत्र खाली ठेवायचं आणि दुसरा कागद वाचायचा.

व्यासपीठावर खुर्च्या कमळाकर लावत होता. पांढरा शुभ्र सदरा, सोन्याची बटणं. त्याने वहिनीला हाताने खूण करून खुर्ची दाखवली आणि ती बसली.

मी वाचायला उभा राहिलो. आवाज चांगला लागला होता. नाल्यापर्यंत आलो. तो शब्द आला. मी पंतांकडे पाहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग समोर पाहिलं, शेंगदाण्यांची ती पुडी दिसली. आणि मी ‘अपराध्यास कायद्याच्या स्वाधीन करून’ असं सगळं, स्पष्ट, एकही अक्षर न गाळता वाचलं. टाळ्या पडल्या. शेंगदाण्यांची पुडी ही सबब आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मी घाबरलो. नोकरीला घाबरलो, लोकांना घाबरलो, आणि आठ वर्षं ज्या वहिनीच्या नजरेला नजर दिली नाही ती तीन हातांवर बसली होती तिला घाबरलो.

पाहुण्यांनी पंतांना पदक लावलं, शाल घातली. मग जेठीबाईला नारळ द्यायला पुढे बोलावलं. तिने तो दोन्ही हातांत घेतला. पंत हात पुढे करून उभे राहिले. ती त्यांच्यासमोरून गेली, वहिनीपाशी थांबली आणि नारळ तिच्या पदरात टाकला.

कॅम्पातल्या लोकांना वाटलं म्हातारी चुकली. कुणी हसलं, कुणी ‘अरे उधर, उधर’ म्हणालं. आपल्या गावातलं मात्र कुणी हललं नाही. मग कोंडाजीने डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या मागे एकेकाने काढली. पंतांना आपली रीत माहीत आहे, आठ वर्षांपूर्वी त्यांनी ती बरोबर वापरली होती. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. कमळाकर दुसरा नारळ आणायला धावला.

जेठीबाई माझ्याकडे बघत होती. ‘फिटलं’ म्हणायला घरचा पुरुष लागतो हे मीच तिला शिकवलं होतं. वहिनी पदर धरून बसून होती. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. एक शब्द, दादा. मानपत्रात मी दोनशे शब्द बोललो होतो.

माझ्या तोंडून तो निघाला नाही. मी हातातल्या मानपत्राची घडी करत राहिलो.

शेवटी वहिनी उठली. बाईने बोलायची रीत नाही, तरी तीच बोलली. “फिटला,” म्हणाली, फार मोठ्याने नाही, आणि नारळ घेऊन पायऱ्या उतरून घरी गेली. पंतांना दुसरा नारळ मिळाला. पाहुण्यांचं भाषण झालं. राष्ट्रगीत मी पोरांकडून म्हणवून घेतलं.

आता जेठीबाईने सांगितलेली गोष्ट. ती त्या दुपारी नवऱ्याच्या मागून लहान हंडा घेऊन येत होती. कावडीचा दांडा हिसकावून ज्याने टेकचंदच्या डोक्यात घातला तो पांढऱ्या सदऱ्यातला माणूस तिने पाहिला. कोर्टात तुला तिच्यापुढे उभं केलं आणि विचारलं, हाच का. तिने मान हलवली. कॅम्पातल्या पुढाऱ्यांनी तिला सांगितलं होतं की गुन्हेगार मिळाला म्हणून विहीर खुली झालीय, आता घोळ घालू नकोस. तिच्या बराकीत तेव्हा तापाने फणफणलेली माणसं होती आणि ओठ ओले करायला पाणी नव्हतं. “मी पाणी घेतलं, मास्तरजी,” ती मला म्हणाली. “तुमच्या भावाला दिलं आणि पाणी घेतलं.” तो माणूस, कमळाकर, दर महिन्याला तिच्याकडून पापड नेतो. ती बांधून देते.

तिने आपलं सांगितलं. आता मी सांगतो.

१२ मे १९४९, गुरुवार. तू सकाळी न्याहारी करून माझ्या घरावर चढलास, कौलं चाळायला. पावसाला महिना होता, पण पुढे तुला स्वतःच्या घराचं करायचं होतं म्हणून माझं आधी घेतलंस. सखू खालून नवी कौलं देत होती. मी ओट्यावर बसून पंतांसाठी दुसरी पाटी लिहीत होतो, दुधाबद्दलची. बारा वाजता तू वरच बसून भाकरी खाल्लीस. विहिरीकडून ओरडा झाला तो मी ऐकला नाही, तू ऐकलास. तूच वरून म्हणालास, “हरी, विहिरीवर काय तरी झाला रं.” मी शिडी धरली, तू उतरलास. तुझे हात कौलांच्या धुळीने लाल झाले होते आणि ते तू धुतलेसुद्धा नव्हतेस जेव्हा आपण दोघे धावलो. आपण पोचलो तेव्हा टेकचंद पडलेला होता आणि कमळाकर तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाल्यावरून आल्यावर पंत मला देवळामागे घेऊन गेले. कानाला फडकं बांधलेलं होतं. म्हणाले, संध्याकाळपर्यंत एक माणूस हवा, नाहीतर उद्या गाव राहणार नाही. गावाला तुमची ती नारळाची रीत पटते, तुमचा भाऊ भला आहे. मी विचारलं, शिक्षा किती होईल? ते म्हणाले, “दहा वर्षं तरी होतील, मास्तर. तुमच्यापासून लपवत नाही.”

त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. मी तुझ्यापासून लपवलं. मी येऊन म्हटलं, दादूस, बाबाने उचलला तसा नारळ उचल, गाव दंड भरेल, पेरणीपर्यंत घरी येशील. तू एवढंच विचारलंस, “पेरनीपर्यंत?” मी हो म्हटलं. तुला वाटलं मॅजिस्ट्रेटसुद्धा गावकीसारखा असतो. तसं नसतं हे मला, चार बुकं शिकलेल्याला, ठाऊक होतं, आणि ती बुकं तू खाजणात मिठाच्या आगरावर राबून मला दिली होतीस. कबुलीजबाब मी लिहिला. तू अंगठा उठवलास. आषाढात मला मुख्य शिक्षक केल्याचा हुकूम आला, पंतांच्या शब्दाने. मी तो घेतला.

गावाने तुझं शेत दोन वर्षं नांगरलं, मग सोडून दिलं. मी तर एकदाही नांगर धरला नाही. येरवड्याला आठ वर्षांत एकदाही आलो नाही, आणि दरवेळी परीक्षा, याद्या, सखूचं आजारपण अशी कारणं लिहिली.

पंत पदकाला लायक आहेत का, याचा विचार मी महिनाभर केला. त्यांनी माणसं वाचवली आणि त्यासाठी एक माणूस दिला. तो त्यांचा नव्हता, माझा होता, आणि देताना मी हात आखडला नाही. त्यांच्याबद्दल निकाल देणारा मी कोण. पाणी तुझ्यामुळे सुटलं एवढं मात्र मला ठाऊक आहे आणि आता गावालाही.

सूट धरून तू चैत्रात येशील असं वहिनी म्हणते. माझ्या या कागदाने तुझा एक दिवसही कमी होणार नाही. वहिनी तिच्याकडून फिटलं म्हणाली. मी म्हणणार नाही, माझं फिटलेलं नाही. तू चाळलीस त्यानंतर मी घराची कौलं चाळली नाहीत. गळतं तिथे भांडी ठेवतो, गेल्या पावसाळ्यात नऊ होती. यंदा मी स्वतः चढणार आहे. शिडी धरायला तुला बोलावणार नाही. माझ्या दारात यायचं की नाही ते तू ठरव.

हे पत्र आधी तिथले साहेब वाचतील. वाचू देत, आणि पुढे कुणाला दाखवावंसं वाटलं तर दाखवू देत. म्हणून खाली धाकटा भाऊ असं लिहीत नाही. साक्षीदार लिहितो तसं लिहितो.

बुधाजी जोमा भोईर त्या दिवशी ज्याच्या घरावर होता, तो,
हरिचंद्र जोमा भोईर
मुख्य शिक्षक